पणजोबांची पितळी डबी, राणी आणि मसाला : यातलं खरं किती?

निफाडकर_गडी

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगतो, कंटाळा आला तर सरळ शेवटचा प्रश्न वाचा.

झालं असं की गेल्या आठवड्यात बायको मोबाईलवर इंग्लंडच्या राजघराण्याचा नाताळ कसा असतो त्याचे व्हिडिओ बघत बसलेली, म्हणजे ते सगळे चर्चला चालत जातात, कुणी कुठला कोट घातला, कोण कोणाशी बोललं नाही वगैरे, आणि मधेच एकात जुन्या वस्तू दाखवल्या त्यात एक पितळी डबी आली. बायको ओरडलीच, अहो ही तर गावच्या आजींची सुईदोऱ्याची डबी! मी म्हटलं काहीतरीच काय, पण मागे नेऊन थांबवून बघितलं तर तीच की.

रविवारी गावी गेलो (निफाड तालुका, थंडीचं विचारू नका, सकाळी सात वाजता शेकोटी सोडून कुणी हलत नव्हतं) आणि आजीकडून डबी मागून घेतली. साधारण पाच इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, उंचीला इंचापेक्षा थोडी जास्त, कोपरे गोल, झाकणाला बिजागरी. झाकणावर मधोमध एका बाईचा एका बाजूने दिसणारा चेहरा, भोवती पानांची माळ, दोन्हीकडे एम अक्षर. खाली क्रिसमस १९१४. कडेने देशांची नावं आहेत, त्यातलं फ्रान्स, जपान आणि बेल्जियम लागतं, बाकीची आजीने सत्तर वर्षं चिंचेने घासून घासून सपाट करून टाकलीत. आत आत्ता दोन सुया, काळा दोरा, पोतीचे सुटे मणी आणि एक सेल संपलेलं घड्याळ.

ही डबी माझ्या पणजोबांची. ते पहिल्या महायुद्धात होते एवढं नक्की. खडकीला भरती झाले, बोटीने गेले, 'मारशेल'ला उतरले (हा शब्द आजीचा), तीनेक वर्षांनी परत आले, नंतर मरेपर्यंत शेती केली. ते गेले तेव्हा माझे वडील लहान होते, त्यामुळे आता जे आहे ते सगळं ऐकीव. आणि त्या ऐकीवाच्या घरात तीन आवृत्त्या आहेत.

थोरले चुलते सांगतात की राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या हाताने पणजोबांना ही डबी दिली, शौर्याबद्दल. धाकटे चुलते सांगतात की नाताळच्या दिवशी दोन्ही बाजूंनी लढाई थांबवून फुटबॉल खेळले, त्यात पणजोबा होते आणि तिथे ही मिळाली. (मला दाट शंका आहे की ही आवृत्ती व्हॉट्सॲप आल्यानंतरची आहे कारण माझ्या लहानपणी फुटबॉलचं नावही नव्हतं.) आणि आजी, वय नव्वदच्या पुढे, पणजोबांची सून, ती म्हणते, "राणीबिणी काय नाय, राजानं मसाला धाडला व्हता. आन् खडीसाखर." यावर सगळं घर दरवेळी हसतं. विलायतेहून हिंदुस्थानी माणसाला मसाला पाठवणं म्हणजे नाशिकला द्राक्षं पाठवण्यातला प्रकार.

अजून एक, पणजोबा म्हणे लढाईवर फावडं घेऊन असायचे. हे पण आजीचंच. चुलत्यांना ते ऐकवत नाही, ते म्हणतात बंदूक होती, फावडं नव्हतं.

तर प्रश्न असा: ही डबी नक्की काय आहे, राणीने दिलेली असू शकते का, आणि तीनपैकी कोणाचं खरं मानायचं? मेन रोडच्या एका जुन्या वस्तूवाल्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला ठेवून जा, सांगतो. ठेवली नाही अर्थात.

---

पलटणवाला

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका पण पहिलीच आवृत्ती कटाप. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. १९१४ ला पाचवा जॉर्ज राजा होता. मेलेली राणी डबी कशी देईल.

दुसरं असं की पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचं मुख्य नाव झालं ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फ्रान्समध्ये नाही. सहावी पुणे डिव्हिजन बसऱ्याकडून वर चढत गेली, त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या, आणि त्या सगळ्या जनरल टाउनशेंडबरोबर कुत-अल-अमारा गावात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस वेढा. तुम्हाला नाताळच पाहिजे असेल तर तो घ्या, २४ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कुतच्या किल्ल्यावर जोरदार हल्ला केला होता आणि तो परतवणाऱ्यांत १०३ मराठा होती. शेवटी शेवटी घोडी आणि खेचरं कापून खायची वेळ आली, आपल्या लोकांनी कितीतरी आठवडे त्या मांसाला हात लावला नाही, नुसत्या पिठावर दिवस काढले. शरण गेल्यानंतर कैदेत चालत नेताना जे मेले ते वेगळेच. यावर कोणी रील बनवत नाही, बघायला मिळतं काय तर राणीचा कोट.

तर माझं मत, पणजोबा फौजेत असतीलही, पण डबी नंतर कुठल्या तरी जुन्या बाजारातून घरात आली असणार आणि गोष्ट मागाहून चिकटली. घरोघरी असंच असतं, आमच्याकडे पण एक तलवार आहे 'पानिपतची', तिच्यावर शेफिल्ड लिहिलंय.

---

पंचवटी_एक्सप्रेस

मला एक कळत नाही, नाशिकच्या माणसाने इंग्लंडच्या राजघराण्याच्या नाताळाचं एवढं कौतुक का करायचं? २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, नाटक चालू असताना अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, नाताळच्या चार दिवस आधी. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना फाशी. पोराचं वय अठरा. डिसेंबर आला की नाशिकमध्ये हे आठवायला पाहिजे, डबी नाही.

---

निफाडकर_गडी

@पंचवटी_एक्सप्रेस दादा, कौतुक कुठे केलं, विचारतोय फक्त. आणि दोन्ही आठवता येतं की. कान्हेरेला फाशी झाली त्यानंतर चार वर्षांनी त्याच नाशिक जिल्ह्यातला माझा पणजोबा त्याच सरकारसाठी बोटीत बसला, कारण घरी सात तोंडं आणि दीड एकर कोरडवाहू. मला तर हे दोन शेजारी शेजारी ठेवूनच बघायचंय. शिवाय राजाचं म्हणाल तर आमचे मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, १९२६ पासून पाचव्या जॉर्जचं तोंड असलेली पोस्टाची तिकिटं तिथेच छापली जायची, म्हणजे राजा आपल्याच गावात छापून निघत होता.

@पलटणवाला शेफिल्डची तलवार 😂 पण बाजारातून आणलेली हे पटत नाही हो, आमच्या पणजोबांनी बाजारातून बैलाशिवाय काही आणलं नाही असं आजी म्हणते.

---

तोफखाना_निवृत्त

राम राम. मी देवळालीला असतो, नोकरी तोफखान्यात गेली, आता वेळच वेळ आहे त्यामुळे सविस्तर लिहितो, घाई असेल त्यांनी पुढे जावं.

डबी अस्सल दिसते आणि तिची पूर्ण माहिती उपलब्ध आहे. झाकणावरची बाई राणी नाही, ती राजकन्या मेरी, पाचव्या जॉर्जची मुलगी, तेव्हा वय १७. दोन्हीकडचं एम म्हणजे मेरी. लढाई ऑगस्ट १९१४ ला सुरू झाली, आणि या मुलीच्या डोक्यात आलं की नाताळात प्रत्येक सैनिकाला आणि नाविकाला एक भेट गेली पाहिजे. आधी ती स्वतःच्या हातखर्चातून द्यायला निघाली होती, ते अर्थातच झेपण्यातलं नव्हतं, मग ऑक्टोबरमध्ये तिच्या नावाने लोकवर्गणी काढली. १,६२,००० पौंडांवर रक्कम जमली. म्हणजे "राजघराण्याने दिली" हे अर्धंच खरं, पैसा लोकांचा. नाताळपर्यंत साडेतीन लाखांच्या वर डब्या पोचल्या, पुढे यादी वाढत वाढत २५ लाखांच्या वर गेली, वाटप बरीच वर्षं रेंगाळलं आणि फंड १९२० मध्ये बंद केला. पितळच मिळेना, कारण पितळ काडतुसांना लागत होतं, मग अमेरिकेतून मागवलं, त्यातलं काही लुसिटानिया जहाजाबरोबर मे १९१५ ला समुद्रात गेलं.

आता मसाला. इथे तुमच्या घरातल्या सगळ्यांनी आजींची माफी मागावी असं मला वाटतं.

आत काय घालायचं हे माणसागणिक ठरवलेलं होतं. विडी ओढणाऱ्या गोऱ्यांना पाइप, तंबाखू, सिगारेटी. न ओढणाऱ्यांना आंबटगोड गोळ्या आणि लिहायचं साहित्य. नर्सना चॉकलेट. गुरख्यांना गोऱ्यांसारखंच. शिखांना तंबाखू चालत नाही म्हणून खडीसाखर आणि मसाला. आणि बाकीच्या हिंदी सैनिकांना सिगारेटचं पाकीट, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणारे भिस्ती होते त्यांना मसाला. हे सरकारी कागदोपत्री आहे, कुणाची आठवण नाही. नाशिकला द्राक्षं म्हणालात ते बरोबर आहे, पण खंदकात गुडघाभर चिखलात, नोव्हेंबरच्या थंडीत, आळणी रेशनवर दोन महिने काढलेल्या माणसाला दोन लवंगा मिळाल्या तर काय वाटतं हे ज्याने फील्डवर डाळ खाल्ली त्यालाच विचारा.

यावरून दुसरी गोष्ट निघते. खडीसाखर आणि मसाला त्या नाताळात प्रत्यक्ष आघाडीवर, म्हणजे फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी सैनिकांना मिळाला. ज्यांना नंतर १९१५-१६ मध्ये डब्या मिळाल्या त्यांच्या आतलं सामान वेगळं होतं. म्हणजे आजींना मसाला माहीत आहे तर पणजोबा १९१४ च्या डिसेंबरात फ्रान्समध्येच होते.

पलटणवाला साहेब, मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या हे आपलं शंभर टक्के बरोबर. पण मराठी माणूस फक्त मराठा पलटणीत असतो असं कुठे आहे? खडकी म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं आलं ते सॅपर्स, म्हणजे खंदक खणणारे, पूल बांधणारे फौजी. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, आजचे बॉम्बे सॅपर्स, ठाणं खडकी, भरतीत मराठे, शीख, मुसलमान. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९१४ च्या शेवटी मार्सेलला उतरल्या. तेच तुमचं मारशेल. आणि सॅपरचं हत्यार काय? फावडं, कुदळ. आणि बंदूक. दोन्ही. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल नावाच्या गावात या दोन कंपन्यांना ४७ शीख पलटणीबरोबर पायदळासारखं पुढे घातलं, गल्लीगल्लीत संगिनींची लढाई झाली, त्यांचे इंग्रज अधिकारी जवळपास सगळे पडले, जवानांची तर दैना. तेव्हा फावडं म्हटलं म्हणून चुलत्यांनी खाली मान घालायचं काही कारण नाही, उलट फावडं ही तुमच्याकडची सगळ्यात पक्की खूण आहे. बंदूक काय, सगळ्यांकडेच असते.

फुटबॉल. २४-२५ डिसेंबर १९१४ ला आघाडीच्या काही भागात दोन्हीकडचे लोक बाहेर आले, सिगारेटी बदलल्या, मधले मुडदे पुरले, हे खरं. चेंडूला लाथा मारल्याच्या नोंदी आहेत, पण ते रीतसर सामना वगैरे नंतर फुगवलेलं. आणि हिंदी कोअरचा, म्हणजे फ्रान्समधल्या हिंदी फौजेचा, बराचसा भाग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जिव्हाशीच्या लढाईत इतका पिळून निघाला होता की त्याला नाताळच्या आधीच मागे विश्रांतीला घेतलं. गढवाल रायफल्सचे लोक लाइनीत होते, ते त्या थांबण्यात सापडले. तुमचे पणजोबा खेळले असं मी तरी छापणार नाही.

आता "राणीने हाताने दिली". यातही निव्वळ थाप नाही बरं का. डिसेंबर १९१४ च्या सुरुवातीला पाचवा जॉर्ज स्वतः फ्रान्सला आला होता, हिंदी फौज बघितली, ५ डिसेंबरला गढवालच्या दरवान सिंग नेगीला व्हिक्टोरिया क्रॉस स्वतः लावला. म्हणजे पणजोबांनी राजा बघितला असणं अगदी शक्य आहे. तीन आठवड्यांनी डबी आली, झाकणावर बाई. शिवाय राजाराणीचं फोटो असलेलं एक कार्ड सगळ्यांना मिळालं होतं, मजकूर एवढाच की देव तुमचं रक्षण करो आणि तुम्हाला सुखरूप घरी आणो. राजा डोळ्याने बघितलेला, राणी कार्डावर, बाई झाकणावर. दोन पिढ्यांत याची "राणीने हातात दिली" होणार नाही तर काय होणार. आणि आपल्याकडे राणी म्हटलं की व्हिक्टोरियाच, रुपयावर तीच होती ना.

शोध घ्यायचा असेल तर एक करा, घरात मेडल आहे का बघा. त्या लढाईच्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. ते मिळालं की वाद संपला. डबी मात्र आता चिंचेने घासू नका, हात जोडतो.

---

पलटणवाला

सॅपर्स डोक्यातच आले नाहीत, मान्य. जुना बाजार मागे घेतो. पण काका, एक मुद्दा राहतोच की आजींना हे कळलं कुठून? पणजोबांनीच सांगितलं असणार ना, आणि म्हातारपणी फौजी माणूस काय काय सांगतो ते तुम्हाला सांगायला नको.

---

तोफखाना_निवृत्त

मला सांगू नका, मी रोज सांगतो 😀 पण बघा, शौर्य, राजा, साहेब शाबास म्हणाला, हे सांगताना माणूस वाढवतो. मसाला मिळाला हे वाढवून काय मिळणार? त्याने चारचौघांत मान वाढत नाही, हसूच होतं. ज्या आठवणीचा सांगणाऱ्याला काही फायदा नाही ती मी आधी खरी धरतो, मग बाकीच्या तपासतो.

पत्रांचंही तसंच. फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉर वाचायचा, त्यांचे इंग्रजीत केलेले उतारे आजही लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात राजाची भक्ती पानोपानी. पण पत्र लिहिणारा बहुतेक वेळा दुसराच, कारण शिपायाला अक्षर येत नाही, मधे वाचणारा साहेब, आणि गावात ते पत्र चावडीवर मोठ्याने वाचलं जाणार. एवढ्या लोकांसमोर माणूस मनातलं किती बोलेल? थंडी, पाऊस, तूप पाठवा, जमिनीचं काय झालं, हे मात्र सरळ येतं.

---

शरणपूरची_लेक

काय सुंदर धागा आहे, दुपारपासून तिसऱ्यांदा वाचतेय, करंज्या तळायच्या राहिल्यात.

मी शरणपूरची, म्हणजे लोकांना शरणपूर रोडचा ट्रॅफिक तेवढा माहीत, पण ही मूळची १८५४ ची ख्रिस्ती वस्ती, इथे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची आणि त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. असो, ते वेगळंच पुराण.

राजघराण्याच्या नाताळाबद्दल थोडं. त्या व्हिडिओंमध्ये 'हजार वर्षांची इंग्लिश परंपरा' म्हणतात ना, त्यातलं निम्मं जर्मन आहे. भेटी ते लोक २५ ला सकाळी नाही, २४ च्या संध्याकाळी उघडतात, कारण जर्मनीत तशी रीत. ट्री पण तसंच, तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट, मूळची जर्मन, तिने १८०० साली विंडसरला लावलं, आणि सामान्य घरांत पोचलं ते १८४८ मध्ये व्हिक्टोरिया-अल्बर्टचं ट्रीभोवतीचं चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात आलं त्यानंतर. आणि गंमत म्हणजे एवढे श्रीमंत लोक एकमेकांना चेष्टेच्या, स्वस्तातल्या वस्तू देतात. आमच्याकडे मात्र चेष्टेची वस्तू दिली तर पुढच्या ईस्टरपर्यंत बोलणं बंद.

पण मला सांगायचंय ते आठवणींबद्दल. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात देवळाली कॅम्पात कारकून होते. (इंग्रजीत वेड लागलेल्याला डूलाली म्हणतात ते देवळालीवरूनच, बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने कॅम्पात पडलेल्या गोऱ्यांची डोकी फिरायची. त्यांचा पूर्ण शब्द डूलाली टॅप, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.) आजोबा दर नाताळला जेवणं झाल्यावर एक गोष्ट सांगायचे. मिशन बंगल्यातल्या रेडिओवर त्यांनी राजाचं नाताळचं भाषण पहिल्यांदा ऐकलं, बाहेर व्हरांड्यात उभं राहून, रात्री साडेआठच्या सुमाराला, 'ज्या वर्षी एका राजाने बाईसाठी गादी सोडली त्याच नाताळात'. आणि नवा राजा अडखळत बोलत होता, म्हणाला की नव्या वर्षाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे मी उजेड मागितला, तर तो म्हणाला, अंधारात जा आणि देवाच्या हातात हात दे. हे ते मराठीत म्हणायचे आणि दरवेळी तिथे त्यांचा आवाज बसायचा.

मोठी झाल्यावर मी शोधलं. गादी सोडली १९३६ च्या डिसेंबरात, आणि त्या नाताळला राजाचं भाषण झालंच नाही! जे झालं ते ११ डिसेंबरला, गादी सोडणाऱ्या आठव्या एडवर्डचं, निरोपाचं. आणि ती दाराची ओळ आहे सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या भाषणातली, लढाईच्या पहिल्या नाताळातली. म्हणजे आजोबांनी तीन वर्षांच्या अंतराची दोन भाषणं एकाच रात्री ऐकली! मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, वाटलं आजोबा खोटं बोलले.

आता नाही वाटत. राजाला तोतरेपणाचा त्रास होता ते बरोबर. ओळ बरोबर. वेळही बरोबर, कारण पाचव्या जॉर्जने १९३२ ला पहिलं भाषण केलं (मजकूर लेखक किपलिंगचा, मुंबईत जन्मलेला तोच) तेव्हापासून तिकडची दुपारचे तीनची वेळ धरलेली, म्हणजे आपल्याकडे साडेआठ. चुकलं फक्त वर्ष. आणि आजोबांना हे कधी कळलं नाही की ती ओळ राजाची नव्हतीच, मिनी हॅस्किन्स नावाच्या बाईची, १९०८ ची कविता, आणि ती बाई मद्रासला मिशनमध्ये काम करत होती. कळलं असतं तर त्यांनी गोष्टीत ते पण घातलं असतं, बहुतेक तिला शरणपूरलाच आणलं असतं.

---

पंचवटी_एक्सप्रेस

ताई, छान लिहिलंत. माझा पहिला प्रतिसाद जरा तिखट झाला, राहू द्या. १९३९ चं म्हणाल तर त्या लढाईत हिंदुस्थानला ओढताना कुणी विचारलंही नव्हतं, व्हाइसरॉयने जाहीर करून टाकलं आणि काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेवढं सोबत असू द्या. बाकी करंज्या तळल्या का?

---

शरणपूरची_लेक

तळल्या. आणि हो, ते सोबत असू द्याच. आजोबांच्या गोष्टीत ते नव्हतं, कॅम्पातल्या कारकुनाच्या गोष्टीत येणारही नव्हतं.

---

निफाडकर_गडी

मंडळी, काल परत गावी जाऊन आलो. काकांचा प्रतिसाद आजीला मोठ्याने वाचून दाखवला, दोन्ही चुलते समोर बसलेले.

पहिलं म्हणजे मेडल. आजी म्हणाली होतं, चांदीचं होतं, गोल, त्यावर घोडा. थोरल्या आत्याच्या लग्नात त्या मेडलच्या तोरड्या केल्या. म्हणजे काका, पणजोबांचा नंबर, नाव, पलटण सगळं आत्याच्या पायात गेलं. आत्या तरी आहे का तर नाही, तोरड्या मोडून पुढे कुणाच्या कानातलं झालं ते कुणाला माहीत नाही.

दुसरं, 'बाकीच्या हिंदी सैनिकांना सिगारेट, खडीसाखर, मसाला' हे वाचलं तेव्हा थोरले चुलते एकदम गप्प. धाकटे म्हणाले पण फुटबॉल? त्यांना म्हटलं फुटबॉल सोडा आता.

आजी मात्र खूश वगैरे काही झाली नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल बघा मी सांगत होते. तर ती डबी हातात घेऊन झाकण उघडमीट करत बसली आणि म्हणाली, "पर मसाला ह्या डबीत नव्हता." मी म्हटलं आजी आता तूच फिरतेस होय. तर म्हणाली, "दुसरी व्हती. लहान, पत्र्याची. हिच्यासंगं आलेली. मी लगीन होऊन आले तवा दोन्ही फळीवर व्हत्या. मामंजी पत्र्याचीचा वास घ्यायचे कधीमधी. ती नंदेनं नेली सिन्नरला."

काका, हे काय आहे? अशी दुसरी डबी होती का?

---

तोफखाना_निवृत्त

बेटा, होती. मूळ यादीत 'मसाल्याची पत्र्याची डबी' असंच आहे. मी लिहिताना नुसतं मसाला लिहून मोकळा झालो, मला त्यात विशेष वाटलं नाही. आजींना ते वाचून दाखवलं असण्याचा प्रश्नच नाही कारण इथे कुणी लिहिलंच नव्हतं. आणि मेडलवर घोडा, तेही बरोबर, लढाईच्या चांदीच्या मेडलवर घोडेस्वार आहे. पितळी डब्या जगात ढिगाने आहेत. ती पत्र्याची मात्र मी आजवर डोळ्याने बघितलेली नाही. सिन्नरला कोण आहे आता?

---

निफाडकर_गडी

नंदेचा नातू. आमचं त्यांचं बांधावरून २०११ पासून बोलणं बंद आहे.

---

पलटणवाला

नंबर आहे का?

---

निफाडकर_गडी

आहे. थोरले चुलते म्हणतात तू लाव, मी लावणार नाही. आजी म्हणते तिच्याकडे द्या. उद्या सकाळी लावून देतो.